तू काशीला गेली नव्हतीस

सगुणे,

परवा तुझं तेरावं झालं. पत्रावळी मांडल्या होत्या, लोक हातपाय धुऊन बसू लागले होते, आणि मी अंगणाच्या मधोमध उभा राहून सांगून टाकलं, की माझी बहीण काशीला कधी गेलीच नव्हती. ती दर्या ओलांडून मिरीच बेटाला गेली होती. काशीची गोष्ट माझी, तिची नव्हे.

काठी मातीत रुतवून धरली होती. तुझी वहिनी राधा मागच्या दारात उभी होती. तिनं पदर तोंडाशी नेला. मला वाटलं, रडते आहे.

पुढे काय झालं ते सांगतोच. पण आधी आपलं दोघांचं बोलणं होऊ दे. तू असताना मी काही सांगायला बसलो की तू म्हणायचीस, "दादा, पहिले बैलं सोड, मंग बोल. तुहं बोलणं लांबते आन् जनावरं उभी राह्यतात." आज बैल केव्हाचेच सोडले आहेत.

नवरा गेल्यावर तू माहेरी आलीस आणि गावातल्या म्हाताऱ्या दाईच्या मागं फिरून तिचं काम शिकलीस. ते मला कधी आवडलं नाही. पाटलाच्या बहिणीनं घरोघरच्या नाळा कापाव्या, गावकुसाबाहेर जावं, परत येऊन मागच्या दारी डोक्यावरून पाणी घ्यावं आणि मग घरात यावं. मी तुला तोंडानं कधी थांबवलं नाही. तू आंघोळीला बसलीस की मी उठून समोरच्या ओट्यावर जायचो. पाहिलं नाही म्हणजे घडलं नाही, अशी माझी समजूत.

अमरावतीच्या बाजारातला तो दिवस तुला आठवतच असेल. कुठल्या तरी अमेरिकेत लढाई चालू होती. कोण कोणाशी लढतंय हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. तिकडचा कापूस अडला आहे आणि आपला उचलला जातो आहे, एवढंच कळत होतं. मी तर मारुतीला नारळ फोडून मागितलं होतं, की देवा, लढाई इतक्यात मिटू देऊ नको. ज्वारीची वावरं मोडून कापूस पेरला होता. बैलांच्या शिंगांना पितळेच्या शेंब्या आल्या होत्या. लोक घरातल्या गाद्या उसवून त्यातला कापूस बाजारात नेत होते.

त्या दिवशी आपल्या गाड्या रांगेत अडकल्या होत्या. आडतीच्या आवारात बाया लाकडी रेच्यांवर कापसातली सरकी काढत बसल्या होत्या. रेच्यांची कुरकुर इतकी, की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येईना. त्यातून एक बाई ओरडली. तू गाडीतून उडी टाकलीस ती सरळ तिच्याकडे. ती रुईच्या ढिगावरच बाळंत होत होती. आडत्या धावत आला.

"अवो बाई, उठवा तिले! रुई खराब होऊन राहिली!"

तू मान वर न करता म्हणालीस, "तुही माय बाळंत झाली तवा खाली रुई नसन. म्हणून तुहं डोस्कं टणक राह्यलं. जाय, कोमट पाणी आन."

आवारातल्या साऱ्या बाया हसल्या. कळा देणारी ती बाईसुद्धा हसली. आडत्यानं पाणी आणलं, मुकाट्यानं. आणि मी कुठे होतो? मी गाडीच्या आडोशाला बसून जुवाची न सुटलेली दोरी पुन्हा बांधत होतो. आडत्यानं मला विचारलं, "पाटील, थे बाई तुमच्या संगची व्हय?"

"गावची हाय," मी म्हणालो.

सख्ख्या बहिणीला मी गावची म्हणालो. तू ऐकलं असशील असं मला वाटलं नव्हतं. परतीच्या वाटेवर नांदगावची झाडं दिसू लागल्यावर तू म्हणालीस, "गावच्या बाईले भूक लागली, दादा. काही हाय का खाले?"

मी तुला भुईमुगाच्या शेंगा दिल्या. तू फोडून अर्ध्या मला दिल्यास. तेवढ्यावर मिटलं असं मी धरून चाललो.

मग लढाई मिटली. मारुतीनं माझं ऐकलं नाही. रेचे बंद पडले आणि आवारं ओस झाली. ज्या बाया दिवसभर सरकी काढत होत्या त्या पोरं काखेला मारून आपापल्या गावी निघाल्या. आपला सालदार किसना, त्याची लेक चंद्री आणि जावई असेच अमरावतीहून परत आले. तेवढ्यात अकोल्याला एक मुकादम आला. मिरीच बेटावर उसाचे मळे आहेत, पाच वर्षांचा करार, माणसं पाहिजेत. चंद्रीच्या नवऱ्यानं दोघांची नावं घातली. चंद्रीला दिवस गेलेले होते. आजूबाजूच्या गावांतून नावं घातलेल्या आणखीही काही बाया पोटुशा होत्या.

तू चुलीपुढे बसून राधेशी बोलत होतीस. मी ओट्यावरून ऐकलं.

"जहाजावर गोरा डाक्तर असते म्हणे. बाया त्याले जवळ येऊ देतीन का? लाजंनं मरतीन, पण सांगणार नाईत."

"मंग?" राधेनं विचारलं.

"मंग काय? मी जाईन."

मी तसाच आत आलो. "सगुणे, तुहं डोस्कं फिरलं का? दर्या वलांडला का जात गेली."

"माही जात तं रोज मागच्या दारी धुतल्या जाते. आल्यावर अजून एक बार धुईन."

"तिकडं माणसाले उलटं टांगून तेल काढतात म्हणे."

"माह्या अंगातलं तेल? वयनीच्या फोडणीलेबी पुरणार नाई."

राधा हसली. मी तिच्याकडे डोळे वटारले. मग मी माझा शेवटचा आणि मला सर्वांत वजनदार वाटणारा प्रश्न टाकला. "तिकडं आपलं कोण हाय?"

तू चुलीतलं लाकूड आत सारलंस. "जे जलमन, थे."

हा आपला वाद तिथंच राहिला. आपलं कोण, हे आपण पुन्हा कधी बोललो नाही. तुझ्यापुरता तो वाद तेव्हाच संपला होता. मला मात्र इतकी वर्षं लागली.

अकोल्याला जाऊन मुकादमाला तू काय सांगितलंस ते मला किसनानं सांगितलं. मुकादमानं तुला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "बाई, ऊस तोडाचं तुहं वय नाई. पगार भेटणार नाई."

"पगार मांगला कोनं? जहाजात जागा दे, जाताना आन् येताना. बायाईचं मी पाहून घेईन."

फुकटात दाई मिळते म्हटल्यावर त्यानं परतीच्या जहाजात जागा कबूल केली. बेटावर तुझ्या बाया स्थिरावेपर्यंत राहायचं आणि करार संपवून परतणाऱ्यांच्या जहाजानं माघारी यायचं, असं ठरलं.

मग घरात तुझी तयारी सुरू झाली. ते दिवस आता आठवले की नवल वाटतं. माझ्याच घरात एवढं मोठं काम चाललं होतं आणि मी त्याला खूळ म्हणत होतो. जुनी लुगडी फाडून तू पट्ट्या केल्यास. त्या राखेच्या पाण्यात उकळून पऱ्हाट्यांच्या कुंपणावर वाळत घातल्यास. कुंपण पांढरं झालं, जणू वेचणी राहूनच गेली. सुंठ, ओवा, बाळंतशेपा, डिंक, साऱ्यांच्या पुरचुंड्या बांधल्यास, आणि जहाजाच्या पोटातल्या अंधारात नुसत्या हाताला कळावं म्हणून प्रत्येकीची गाठ वेगळी ठेवलीस. डोळे मिटून पुरचुंड्या ओळखायला बसायचीस. राधा मुद्दाम त्यांत हळदीची एक मिसळायची आणि तू नाकाला न लावता बाजूला काढायचीस.

शेगडीचा मोठा पेच होता. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी लागते. शेक नाही तर बाळंतपण कसलं? पण लाकडाचं जहाज. त्याच्या पोटात विस्तव नेऊ देणार कोण? तू मिठाच्या पुरचुंड्या तव्यावर तापवून पाहिल्यास. ऊब किती वेळ टिकते हे पाहायला त्या राधेच्या गुडघ्यांवर ठेवल्यास. राधा म्हणाली, "बाई, बाळंतपणं दुसऱ्याईची आन् गुडघे माहे सुधरले."

एके दिवशी तू पाट्यावरचा वरवंटा धुऊन बोचक्यात घातलास. मी ओरडलोच.

"जहाजात दगड नेते का कोणी?"

"पाचवी कशी पुजीन मंग? सटवाई दर्यावरबी येते, दादा. लेकराच्या कपाळावर लिहाले येते, तिले काही तं ठिकाण लागन. पाटा जड हाय. वरवंटा नेईन."

राधेनं तो बोचक्यात नीट बसवून दिला. तेव्हापासून आपल्या घरचा पाटा जोडीवाचून आहे. नंतर आणलेला वरवंटा त्यावर कधी नीट फिरला नाही.

पण या साऱ्यात मला जपून ठेवावासा वाटतो तो दमणीचा दिवस. मी वावरातून येत होतो. समोरून आपली दमणी धुरळा उडवत, आदळत आपटत आली. किसना बैल पळवत होता आणि तू आत मांडी घालून बसली होतीस. तुझ्या मांडीवर ओल्या अंबाडीचा दांडा होता, दातांत दोरा.

"किसना, खड्ड्यातून घे! सपाटीनं काहून नेऊन राहिला?"

मी गाडी थांबवली. "काय चाललं हे?"

"दर्या हालते म्हणे. हालत्या जागी नाळ बांधता येते का थे पाहून राहिली."

"आन् ह्या बैलाईनं काय पाप केलं?"

तू हसलीस. मीही हसलो. मग काय अंगात आलं कोण जाणे, मी किसनाला उतरवला आणि कासरा हातात घेतला. तुला एकदा चांगलं आदळायचंच, म्हणजे तू नाद सोडशील, असं मनात धरून मी नाल्याच्या कडेच्या चाकोरीतून दमणी काढली. माझीच हाडं खिळखिळी झाली. मागे पाहिलं तर तू एका हातानं दमणीची दांडी धरलेली, आणि दुसऱ्या हातानं आणि दातांनी गाठ मारून झालेली. तो दांडा तू माझ्यासमोर धरलास. मी गाठ ओढून पाहिली. जोर लावून ओढली. सुटली नाही.

"झालं?" तू विचारलंस.

"झालं," मी म्हणालो.

तेव्हा मी 'जाय' म्हणायला हवं होतं, सगुणे. शब्द ओठावर आला होता. घर आलं आणि मी बैल सोडायला लागलो.

अकोल्यापर्यंत मी तुझ्यासोबत आलो. लोकांना वाटलं पोचवायला आलो. खरं म्हणजे मी तुला परत न्यायला आलो होतो. ठेसनावर तुझं मन कच्चं होईल, ती धूर ओकणारी गाडी पाहून तू घाबरशील, असा माझा होरा. राधेनं तुझ्यासाठी दशम्या केल्या होत्या. दुधात भिजवलेल्या, पाण्याचा थेंब नाही, म्हणजे वाटेत कोणाच्या शेजारी बसून खाल्ल्या तरी बाट नाही. फडक्यात बांधून तिनं त्या माझ्या हाती दिल्या होत्या. "ठेसनावर द्या. आत्ताच देल्या तं थ्या साऱ्याईले वाटून टाकतीन."

तू गाडी पाहून घाबरली नाहीस. चंद्री घाबरली. तिला तू धरून चढवलंस, मग बाकीच्या बायांना. मग दारात येऊन माझ्याकडे पाहिलंस. मी रागानं दुसरीकडे तोंड करून उभा होतो, लिंबाच्या झाडाकडे. "दादा, येते मी," तू म्हणालीस. मी वळलो नाही. गाडी हलली तेव्हा वळलो. तुझा हात दिसला, नुसता हात. दशम्यांचं फडकं माझ्या काखेतच होतं.

येताना मूर्तिजापूरला बैल सोडले. तिथं आपल्या गावचे मोतीराम भेटले, पंचांतले. "पाटील, सगुणाबाई कोठी गेली?"

मी काही ठरवलं नव्हतं. देवाशपथ ठरवलं नव्हतं. काखेत दशम्या, डोळ्यांत धूर गेलेला. तोंडातून शब्द निघाला, "काशीले."

"आगगाडीनं?"

"आगगाडीनं."

गाडी मुंबईकडे गेली होती आणि काशी दुसऱ्या दिशेला. पण आगगाडी नवी होती. ती कुठून कुठे जाते हे कोणाला ठाऊक होतं? मोतीरामांनी हात जोडले. "धन्य हाय बाई." किसना बैलांना पाणी पाजत होता. त्यानं ऐकलं. माझ्याकडे पाहिलंही नाही. दशम्या मी बैलांना घातल्या.

एक शब्द होता तो. पुढे त्याला हातपाय फुटले. गावात बायका राधेच्या पाया पडायला येऊ लागल्या, काशीवालीची भावजय म्हणून. आणि तू परत आलीस, वाळून काळी झालेली, तेव्हा गाव मावंद्याची वाट पाहत बसलेलं. काशीहून आलेल्या माणसानं गंगेचा गडू पुजून गावजेवण घालायचं, ही आपली रीत. मी तुला वेशीवरच गाठलं आणि काशीचं सांगितलं. तू बोचकं खाली ठेवलंस.

"मले इचारलं असतं, दादा."

"तू अठी कोठी होती इचाराले?"

तू बोचकं पुन्हा उचललंस. मग म्हणालीस, "बसीन गडूपुढं. पण काशीचं एक अक्षर मी सांगणार नाई."

गडू मी अमरावतीला एका गोसाव्याकडून आणला होता, लाखेनं बंद केलेला. तू त्याच्यापुढे बसलीस. माणसं तुझ्या पाया पडली, तू पाय आखडून घेत राहिलीस. तीर्थ वाटताना तू स्वतःही पळीभर घेतलंस आणि माझ्या कानाशी म्हणालीस, "गोड हाय रे. मले वाटलं खारं असन."

तू शब्द पाळलास. खोटं एकदाही बोलली नाहीस. माणसं विचारायची, "बाई, काशी कशी हाय?" तू म्हणायचीस, "पाणी लय हाय." कोणी विचारलं, "देव पाहिला?" तू म्हणालीस, "पाहिला. लहानसा होता. रडत होता." मोतीरामांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं तुला बाळकृष्णानं दर्शन दिलं.

मी मात्र तुला काहीच विचारलं नाही. जहाजावर काय झालं, चंद्री कशी आहे, ती गाठ टिकली का. विचारलं तर माझी काशी मोडेल, ही भीती. एका घरात राहून, एका चुलीवरचं खाऊन, मी तुझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट ऐकायची टाळली.

तू गेलीस ते वेचणीच्या दिवसांत, भर दुपारी. श्वास लागला होता. मी धावत जाऊन देव्हाऱ्यातला तोच गडू आणला. तुझ्या ओठाशी पळी नेली. तू मान फिरवलीस.

"थे नको, दादा. इहीरीचं दे."

राधेनं विहिरीचं पाणी आणलं. ते तू घेतलंस. आणखी मागून घेतलंस. रागावलेली नव्हतीस, तेच मला लागलं. जाताना तरी खरं पाणी पाहिजे, एवढंच तुझं म्हणणं होतं. त्याच क्षणी मी ठरवलं, की तेराव्याला बोलायचं. मग लोकांनी मला जातीबाहेर टाकलं तरी चालेल, घरातल्या पोरांची लग्नं अडली तरी चालेल. तुझ्या नावावर मी चढवलेलं ते तीर्थ उतरवायचं.

आता परवाचं सांगतो.

माझं बोलणं संपतं न संपतं तोच मोतीराम पत्रावळीवरून उठले. "पाटील, हे काय सांगून राहिले? आमी तिच्या पाया पडलो! तीर्थ घेतलं!" त्यांच्यामागे आणखी काही जण उठले. कोणी तरी म्हणालं, "पंगत उठते आता." मी काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होतो. झालं, म्हटलं, तुझ्या तेराव्याचं अन्नही मी वाया घालवलं.

आणि बायकांच्या बाजूनं हसू आलं.

आधी एकीचं, पदराआडून. मग सगळ्यांचं. मोतीरामांची बायको तुळसाबाई, पाठीत वाकलेली, पुढे आली.

"बसा खाली," ती नवऱ्याला म्हणाली. "दर्यावरून आल्यावर तिनं आपल्या नातवाले झेललं. पोट्टं पायाळू होतं, आठवते? तिचा हात बाटला असन तं पहिले थ्या पोट्ट्याले जातीबाहेर काढा. मंग त्याच्या आज्याले काढा, रोज त्याचा मुका घेते म्हणून."

माणसंही हसली. मोतीराम उभेच. "म्हणजे तुले ठाऊक होतं?"

"मले एकटीले? अवो, ज्या खोलीत तुमाले येऊ देत नाई, तठी थे समदं सांगे. कळ आली का म्हणे, 'धर माहा हात. लाट हाय, येते आन् जाते. चंद्रीनं तं हालत्या जहाजात काढली, तुह्या पायाखाली तं धरती हाय.' या गावात तवापासून जलमलेल्या पोट्ट्याईच्या समद्या मायाईले ठाऊक हाय. तुमी बापे तेवढे काशीले बसून राहिले."

मग त्या एकेक सांगू लागल्या आणि मी पहिल्यांदा ऐकलं. वादळात बायांनी लुगडी धरून तुझ्याभोवती आडोसा केला. खलाशांच्या चुलीवर तू मीठ तापवून घेतलंस. चंद्रीला मुलगी झाली. पाचवीला तू जहाजाच्या फळीवर आपला वरवंटा मांडलास आणि लवंडू नये म्हणून रात्रभर धरून बसलीस. निघताना तो चंद्रीला देऊन आलीस. "वावर नाई, घर नाई, माहेरचा एक दगड तं असू दे." अंगणातल्या लिंबाखाली वेगळ्या बसलेल्या गावकुसाबाहेरच्या बायांत चंद्रीची आई होती. ती रडत होती आणि हसतही होती. मी तिच्यापाशी गेलो आणि चंद्रीची खुशाली विचारली. तिनं सांगितली, बसल्या जागेवरून, खूप वेळ. किसना बाजूला उभा होता. मूर्तिजापूरनंतर त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

मोतीराम बसले. जेवले. वाढायला गेलो तर हळूच म्हणाले, "पण पाटील, थे तीर्थ कोठचं होतं मंग?"

"गोसाव्यानं गंगेचंच म्हणून देलं, बावा."

"मंग हरकत नाई," असं म्हणून त्यांनी आणखी बुंदी घेतली.

काल सकाळी मी राधेला विचारलं, "तुलेबी ठाऊक होतं?"

"सुनेच्या बाळंतपणात मी तठीच होती ना." ती दळण पाखडत होती. हात थांबले नाहीत.

"मंग बोलली काहून नाई?"

"मी म्हणे, सांगू का आता ह्यायले? तं सगुणाबाई म्हणत, 'थांब वयनी. दादाचे बैलं अजून सुटाचे हाय.'"

म्हणजे तू वाट पाहत होतीस. आणि मी समजत होतो की तू सोसत होतीस. सगुणे, हे कळल्यावर मी ओट्यावर येऊन बसलो आणि मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मानेवरचं कोणी जू उतरवावं तसं झालं. भूक लागली.

एक गोष्ट मात्र मला ओट्यावर बसल्यावरच सुचली, आणि मी मोठ्यानं हसलो. या काही वर्षांत गावात ज्या पोरी जन्मल्या त्यांतल्या कितीकींचं नाव समिंदरा आहे. दर्या इथून किती लांब! तुझ्याशिवाय गावात कोणी पाहिलेला नाही. प्रत्येक बारशाला पाटील म्हणून मी गेलो, घुगऱ्या खाल्ल्या, नाव ऐकून "बरं हाय" म्हणालो. चंद्रीच्या लेकीचं जहाजावर तू ठेवलेलं नाव, परवा तिच्या आजीनं सांगितलेलं, बायका माझ्या डोळ्यांदेखत पोरींना लावत होत्या. खुद्द आपल्या घरच्या नातीच्या बारशाला आतेआजी म्हणून तूच पाळण्याशी वाकलीस आणि तिच्या कानात तेच नाव घातलंस. मी समोर बसलो होतो. "काय ठेवलं?" विचारलं. तू माझ्या डोळ्यांत पाहून सांगितलंस. मी म्हणालो, "बरं हाय," आणि घुगऱ्या मागितल्या.

त्या पोरीला मी आजवर 'पोट्टे' म्हणूनच हाक मारत आलो. आज सकाळी अंगणात उभं राहून नावानं मारली. शेजारपाजारच्या दोघी-तिघी दारांतून डोकावल्या, आपल्याला बोलावलं की काय म्हणून.

"समिंदरे!"

"काय, आबा?"

"पाणी आन, बाई. इहीरीचं."

तांब्या तिच्यापेक्षा मोठा. अर्धं पाणी सांडत, अर्धं सांभाळत ती आली.